आधी ऑइल बघा, मग गिअरबॉक्स उघडा

तुमची ऑटोमॅटिक गाडी थंड असताना पी (पार्क) वरून डी (ड्राइव्ह) ला टाकली की दोन-तीन सेकंद थांबून धक्का देते, आणि मेकॅनिक थेट गिअरबॉक्सचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) सांगतोय. एवढ्यात घाई नको. गिअरबॉक्सला (इंजिनला नव्हे) डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, असेल तर पांढऱ्या कागदावर त्या ऑइलचा थेंब टाका. लालसर असेल तर ठीक, काळपट आणि करपलेला वास असेल तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट बहुधा झिजल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालवूच नका, रेडिएटरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बहुधा आत शिरलंय. पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना बघतात. तरी मॅन्युअल वाचा.

माझ्या जुन्या गाडीला साधारण ५० च्या वेगाला, पाय हलका ठेवला की खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर यायची. मी महिनाभर टायरवाल्याकडे खेटे घातले! दोष निघाला टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लचचा, जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर नुसता पी०७०० हा कोड दिसला तर तो फक्त निरोप्या. खरा कोड ट्रान्समिशनच्या (गिअरबॉक्सच्या) मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, तो वाचणारा स्कॅनर मागा. आणि हो, बॅटरी किती जुनी आहे? व्होल्टेज पडलं तरी गिअर वेड्यासारखे वागतात.