मदत हवी आहे : गॅसच्या फोर्कलिफ्टच्या व्हेपोरायझरवर बर्फ धरतोय

मंडळी, भिवंडीच्या आमच्या गोदामातली एलपीजी फोर्कलिफ्ट सकाळी झटक्यात चालू होते, पण जड पॅलेट उचललं की इंजिन गुदमरतं आणि व्हेपोरायझरवर पांढरा बर्फ धरतो, तोही या उकाड्यात! सिलिंडरमधून गॅस द्रवरूपात येतो आणि व्हेपोरायझरमध्ये इंजिनच्या गरम कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) त्याची वाफ होते. एलपीजीतला प्रोपेन तर उणे ४२ अंशांवरच उकळतो, म्हणजे तो उष्णता ओढणारच. रेडिएटर भरलेला आहे, पण व्हेपोरायझरकडे जाणारा कूलंटचा पाइप हाताला जेमतेम कोमट लागतो. साबणाचं पाणी लावून पाहिलं, गळती नाही. मेकॅनिक म्हणतो, थेट रेग्युलेटर बदला. मला ते पटत नाही. पाइपात हवा अडकली असेल, की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच राहिलाय? आधी काय तपासू? आत माणसं काम करतात, त्यामुळे जुगाड नको.