जर्मन सफरचंद केक: फोडी तळाला जातात त्याबद्दल

तुमच्या सफरचंद केकमध्ये फोडी तळाला गेल्या आणि केक मध्ये ओला राहिला, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर कुणीतरी फोडी मैद्यात घोळवायला सांगितलंय. या केकला त्याची गरज नाही, कारण जर्मन घरांत यात सफरचंद पिठात मिसळतच नाहीत. सोलून चार फोडी करायच्या, बिया काढायच्या आणि पाठीवर सुरीने जवळजवळ रेघा मारायच्या, आरपार न कापता. पीठ साच्यात पसरून झालं की फोडी पाठ वर करून नुसत्या ठेवायच्या. केक त्यांच्या भोवतीने फुगतो, फोडी अर्ध्या रुततात आणि रेघा पंख्यासारख्या उघडतात. दिसतो झकास!

पीठ मात्र घट्ट हवं, चमच्यावरून धबकन पडेल असं. २६ सेंमीच्या साच्याला १२५ ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, ३ अंडी, २०० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, थोडं दूध आणि लिंबाची किसलेली साल. १८० अंशांवर ४०-४५ मिनिटं. सुई दोन फोडींच्या मधल्या केकमध्ये खुपसून बघा. फोडीत खुपसली तर ओलीच निघणार.

सफरचंद आंबटच घ्या. तिकडे बोस्कोप नावाचं आंबट सफरचंद वापरतात. आपलं सिमल्याचं गोड सफरचंद यात मिळमिळीत लागतं, त्यापेक्षा हिरवं ग्रॅनी स्मिथ बरं. तेही नसेल तर फोडींना लिंबू चोळा. दालचिनी मला तरी चिमूटभरच पुरते. पिठीसाखर केक गार झाल्यावर भुरभुरवा, गरम केकवर ती विरघळून जाते.