पिकादो ११०च्या पुढे घासटतो, त्याबद्दल

फ्लेमेन्को गिटारवरचा पिकादो, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने एकेक सूर छेडणं, मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला ११० ठोक्यांपर्यंत स्वच्छ येतो, पुढे सूर घासटतात, असा प्रश्न होता. बोटं हळू पडतात म्हणून असं क्वचितच होतं. वाजवून झालेलं बोट सैल होत नाही, हे खरं कारण. पिकादोत तर्जनी तार छेडून वरच्या तारेवर टेकते. मधलं बोट छेडत असतानाच तिने तिथून सुटायला हवं. दोन्ही बोटं एकाच वेळी ताणलेली राहिली की मनगट आखडतं, मग कितीही तास घासा, उपयोग नाही.

म्हणून मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एकच सूर, आणि लक्ष फक्त सुटण्याकडे. करंगळी ताठ बाहेर येत असेल तर ताण आहे असं समजा. नंतर ८० वर एका ठोक्यात चार सूर, पाचवा पुढच्या ठोक्यावर, आणि दोन ठोके पूर्ण विश्रांती. सलग पाच वेळा स्वच्छ आलं तरच ४ ने वाढवा. प्रत्येक तुकडा मधल्या बोटानेही सुरू करा, ही बाजू बहुतेकांची कच्ची असते.

तार बदलताना बोट लांबवू नका, कोपरातून अख्खा हात सरकवा. अंगठा सहाव्या तारेवर. खर्जाच्या तारांवर गेल्यावर गोल्पेआदोरवर (गिटारच्या दर्शनी फळीवरच्या संरक्षक पट्टीवर) टेकवा.

डावा हातही तपासा. पुढचं बोट उशिरा पडलं तरी आवाज तसाच घासटतो आणि दोष उजव्या हातावर जातो!

आणि नुसत्या स्केल्स नकोत. बुलेरियास या वेगवान फ्लेमेन्को प्रकाराच्या १२ मात्रांत, १२, ३, ६, ८, १० वर जोर ठेवून तोच तुकडा बसवा. कोंपास (तालाचं आवर्तन) सुटला तर वेग फुकट.