शब्दचर्चा: म्यूरल म्हणजे भित्तिचित्रच का?

उड्डाणपुलाच्या खांबावर रंगवलेलेही म्यूरल आणि इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तांब्याचा पत्रा ठोकून केलेलेही म्यूरल. निविदेच्या मराठी मसुद्यात दोन्हींना 'भित्तिचित्र' लिहिले तर चालेल का? ग्राफिटी आणि इन्स्टॉलेशन यांनाही शब्द हवेत.

भित्तिशिल्प वेगळे
चालणार नाही. लॅटिनमध्ये म्युरस म्हणजे भिंत. तिच्यावर रंग आहे की धातू, हे म्यूरल हा शब्द सांगतच नाही. मराठीत ती सोय आहे. रंगवलेले ते भित्तिचित्र, उदाहरणार्थ वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवरचे 2014 सालचे दादासाहेब फाळके. भिंतीतून वर आलेले किंवा तिच्यावर बसवलेले ते भित्तिशिल्प.

निविदेत हा फरक पैशांचा आहे. भित्तिचित्र चौरस फुटांवर मोजतात. भित्तिशिल्पाला वजन, बोल्टची खोली, भिंत काँक्रीटची की विटांची, हे सगळे लिहावे लागते. तांब्याला साधा लोखंडी बोल्ट लावला की खाऱ्या हवेत आधी बोल्ट खाल्ला जातो. गंज फुगतो आणि गिलावा फोडतो. समुद्राजवळ 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टील मागा.

ऱ्हस्व-दीर्घ
सुटा शब्द 'भित्ती', समासात मात्र 'भित्तिचित्र'. तत्सम शब्द सामासिक शब्दात पूर्वपदी आला की मूळचा ऱ्हस्व टिकतो. पाट्यांवर सर्रास 'भित्तीचित्र' दिसते, ते चूक.

भित्तिचित्र म्हणजे फ्रेस्को नव्हे
प्रत्येक फ्रेस्को भित्तिचित्र असते, उलट नाही. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यात कोंडला जातो, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. अजिंठ्याला 'फ्रेस्को' म्हणायची खोड जुनी आहे, पण तिथे मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन कोरड्यावर रंगवले आहे.

आजची शहरी चित्रे बहुतेक ॲक्रिलिक इमल्शनची. मसुद्यात 'फ्रेस्को' पडले तर कारागीर वेगळे, दर वेगळा.

मसुद्यात 'पृष्ठभाग तयारी' हवी
शब्द ठरले तरी काम बिघडते ते भिंतीमुळे. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान 28 दिवस द्या. त्याचा अल्कली कच्चे रंग मारतो आणि तेलरंगाचा तर साबण करतो. जुना चुना खरवडून काढा, नाहीतर इमल्शन त्याच्यासकट पोपडे धरून सुटते. लोणा लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. वरून गळणारी पन्हळ आधी दुरुस्त. त्यानंतर अल्कलीला टिकणारे प्रायमर, मग रंगाचे दोन हात. लिटरमागे दोन हातांत साधारण 50 ते 60 चौरस फूट धरा, खडबडीत भिंतीवर कमी.

ग्राफिटी
मूळ इटालियन शब्द ओरखडण्याचा. 'भित्तिलेखन' सुचवतात, पण निवडणुकीच्या घोषणाही भित्तिलेखनच. परवानगी घेऊन काढलेल्या चित्राला ग्राफिटी म्हणू नये. बिनपरवानगीच्या, स्प्रेने केलेल्या नाव-अक्षरांना तोच शब्द राहू द्यावा, मराठीकरणाचा हट्ट नको.

मांडणशिल्प
इन्स्टॉलेशनला हा शब्द चांगला रुळला आहे. वस्तू कुठे आणि कशा मांडल्या यावर अर्थ ठरतो, ते 'मांडण'मध्ये नेमके येते. चौकात कायमचे बसवलेले एकटे शिल्प मात्र मांडणशिल्प नव्हे.

मुंबईतला काळा घोडा चौक घ्या. तिथला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 साली हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. 2017 साली काळा घोडा परिसरात बसवलेला नवा घोडा स्वाराविना आहे. त्याला 'पुतळा' म्हणताना जीभ अडते, कारण मराठीत पुतळा बहुधा माणसाचा असतो. 'शिल्प' म्हणावे.

एक उपप्रश्न
आणि छापील व्हिनाइल भिंतीवर चिकटवले तर?

उत्तर
भित्तिपत्रक. तीन मजली असले तरी.