मदत हवी आहे : दुनहुआंगची लेणी आणि वाळूच्या टेकड्या एकाच दिवसात कशा पाहाव्यात?

गोदातीर (धागाकर्ती)
नमस्कार. आम्ही चौघे चीनमधील दुनहुआंगला केवळ एका दिवसासाठी जात आहोत. सकाळी रेल्वेने पोहोचून रात्रीच्या गाडीने परत निघायचे आहे. मोगाओची लेणी, मिंगशाच्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीतला चंद्रकोरीच्या आकाराचा तलाव एवढेच पाहायचे आहे. प्रश्न एकच आहे : आधी लेणी की आधी वाळू? दोन-तीन दिवस राहण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण ते शक्य नाही. मोटारचालकाला उद्या सकाळपर्यंत कार्यक्रम कळवायचा आहे.

वाटसरू
ताई, कोणत्या महिन्यात जात आहात आणि लेण्यांचे तिकीट काढले आहे का? हे विचारण्याचे कारण असे, की मोगाओच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि क्रम त्यावरूनच ठरतो. तिथे थेट लेण्यांपाशी जाता येत नाही. शहराबाहेरच्या प्रदर्शन केंद्रात प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांचे दोन चित्रपट पाहावे लागतात, मग त्यांच्याच बसने लेण्यांकडे नेतात आणि मार्गदर्शकासोबत आठ लेणी दाखवतात. सगळे मिळून साडेतीन ते चार तास सहज जातात.

लेणीप्रेमी
माझे मत मागितले नसले तरी सांगतो : वाळू सोडून द्या. इ.स. ३६६ मध्ये एका भिक्षूने इथे पहिले लेणे कोरवले आणि पुढे सुमारे हजार वर्षे काम चालू राहिले. आज ४९२ लेण्यांमध्ये चित्रे आणि मूर्ती टिकून आहेत आणि भित्तिचित्रांचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर भरते. अजिंठा पाहिलेल्या माणसाने तर इथे दिवसभर थांबायला हवे. शक्य झाल्यास जादा शुल्क भरून २८५ क्रमांकाचे लेणे अवश्य पाहा. त्यात इ.स. ५३८ आणि ५३९ ही वर्षे लिहिलेली सापडतात, आणि त्याच्या पश्चिम भिंतीवर बुद्धाच्या परिवारात महेश्वर, कार्तिकेय आणि आपला गणपती चितारलेले आहेत. गणपतीची इतकी जुनी आकृती गोबीच्या वाळवंटात पाहायला मिळणे ही मराठी माणसासाठी लहान गोष्ट नाही.

पाऊलखुणा
लेणीप्रेमी, त्यांनी वाळू पाहायचीच आहे असे स्पष्ट लिहिले आहे. ताई, माझा अनुभव सांगते. टेकड्यांवर सूर्योदयालाच जावे. वाळू गार असते, गर्दी नसते आणि रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीची पावले पुसून टाकलेली असतात. त्यानंतर निवांतपणे लेण्यांकडे निघावे. संध्याकाळी तिथे मेळा भरतो आणि उंटांच्या रांगा संपता संपत नाहीत. २०२१ मध्ये तर उंटांसाठी वाहतूक-दिवे बसवावे लागले, यावरून गर्दीचा अंदाज यावा.

गोदातीर
सप्टेंबरचा मध्य. तिकिटे काढली आहेत, इंग्रजी मार्गदर्शक आहे, वेळ दुपारी १२ची. सोबत आई-बाबा आहेत, दोघेही सत्तरीपुढचे, आणि आईचे गुडघे दुखतात. आता क्रम सांगाल का?

वाटसरू
तर मग आधी लेणी आणि संध्याकाळी वाळू. संपूर्ण चीनमध्ये बीजिंगचीच वेळ पाळतात आणि दुनहुआंग बीजिंगच्या फार पश्चिमेला आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्याला तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. चार-साडेचारला लेण्यांतून मोकळे झालात तरी हाताशी तीन तास उजेड उरतो. दुपारच्या रणरणत्या उन्हात वाळूवर जाण्याचे कारणच नाही. आईंनी टेकडी चढण्याचा आग्रह धरू नये. उतारावर लाकडी पायऱ्या टाकलेल्या असल्या तरी चढ दमवणारा आहे. तलावापर्यंतची वाट मात्र सपाट आहे आणि बरेच अंतर विजेवरच्या गाडीने जाता येते.

पाऊलखुणा
त्याच न्यायाने सप्टेंबरात सूर्योदयही सव्वासातनंतर होतो, म्हणजे पहाटे तीनला उठण्याची गरज नाही. वयस्कर माणसांना सकाळी उत्साह असतो. लेण्यांतल्या पायऱ्या चढून-उतरून थकल्यावर वाळूत चालवणे मला योग्य वाटत नाही.

वाटसरू
पण ताई सकाळी गाडीतून उतरणार आहेत. सूर्योदयाला टेकडीवर कशा पोहोचतील?

निवृत्त_अभियंता
आपण दोघे वाळू आणि लेणी या दोन निराळ्या जागा असल्यासारखे बोलत आहात. मोगाओची लेणी मिंगशा डोंगराच्याच पूर्वेकडच्या कड्यात खोदलेली आहेत. वरच्या पठारावरची वाळू वाऱ्याबरोबर कड्यावरून खाली येते आणि लेण्यांच्या तोंडाशी साचते, चित्रांवर घासते. ती अडवण्यासाठी लेण्यांची देखभाल करणाऱ्या दुनहुआंग अकादमीने अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेच्या साह्याने माथ्यावर कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे कुंपण उभारले आणि वाळवंटात तगणारी झुडपे लावली. माणसांच्या श्वासातली आर्द्रता हा दुसरा धोका. भिंतीतले क्षार ओलाव्याने विरघळतात, पुन्हा सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि रंगाचा थर सुटतो. म्हणूनच रोजच्या संख्येवर मर्यादा आहे, आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि मोठा पाऊस किंवा वाळूचे वादळ आले तर लेणी बंद ठेवतात. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज जरूर पाहावा.

आता मूळ मुद्दा, जो अद्याप कोणीच विचारलेला नाही : तुमची गाडी कोणत्या स्थानकावर पोहोचते?

गोदातीर
माहितीबद्दल आभार. तिकिटावर लिउयुआन असे आहे. सकाळी आठला पोहोचते आणि परतीची तिथूनच रात्री साडेअकराला. ते दुनहुआंगचेच स्थानक आहे ना?

निवृत्त_अभियंता
नाही. लिउयुआन हे मुख्य लोहमार्गावरचे निराळे गाव आहे, दुनहुआंगच्या उत्तरेला सुमारे १३० किलोमीटर. मोटारीने दोन तास धरा. दुनहुआंग शहराचे स्वतःचे स्थानक विमानतळाजवळ आहे आणि लेण्यांचे प्रदर्शन केंद्रही त्याच बाजूला आहे, म्हणून चालक तुमची वाट तिथेच पाहत उभा राहण्याची शक्यता मोठी आहे. लिउयुआनमध्येही साधे आणि दक्षिण अशी दोन स्थानके आहेत. तिकिटावरचे चिनी अक्षरांतले नाव जसेच्या तसे चालकाला पाठवा.

वाटसरू
म्हणजे सकाळी साडेदहापर्यंत शहरात पोहोचाल. तेवढ्यात जेवण उरकून साडेअकराला प्रदर्शन केंद्रावर हजर राहा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. लेण्यांनंतर पाचच्या सुमारास वाळू. सूर्यास्त पाहून सव्वाआठला निघालात तर साडेदहापर्यंत लिउयुआन गाठाल. रात्रीचे जेवण बरोबर बांधून घ्या.

पाऊलखुणा
हे आधी कळले असते तर मी सूर्योदयाचे सुचवलेच नसते. आता मीही संध्याकाळच म्हणेन. वाळूपासून बुटांचे रक्षण करणारी भगवी कापडी आवरणे प्रवेशाजवळ भाड्याने मिळतात, ती घ्या. आईंना उंटावर मात्र बसवू नका, कारण उंट उठताना आणि बसताना बसणारे धक्के गुडघ्यांना आणि कमरेला सोसत नाहीत.

लेणीप्रेमी
२८५ क्रमांकाच्या लेण्याची चौकशी तिथे पोहोचल्यावर लगेच करा. विशेष लेण्यांपैकी कोणती खुली आहेत हे रोज बदलते.

गोदातीर
चालकाला आत्ताच फोन केला. तो खरोखरच दुनहुआंगच्या स्थानकावर येणार होता. लिउयुआनला येण्याचे तो जादा पैसे मागतो आहे, पण तयार आहे. विशेष लेणी पाहायची झाल्यास किती वेळ वाढेल, आणि ती पाहूनही पाचपर्यंत वाळूकडे पोहोचता येईल का?