मदत हवी आहे : फ्रिज सदोष, दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी सांगलीतल्या एका दुकानातून फ्रिज घेतला. पहिल्या आठवड्यापासूनच खालचा कप्पा गार होत नाही. आईची इन्सुलिन त्यात ठेवायची असते, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. कंपनीचा मेकॅनिक येऊन गॅस भरून गेला, तरी तेच. दुकानदार म्हणतो, ‘आमचा संबंध संपला, कंपनीशी बोला,’ आणि बिलावरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मी वाचला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मग त्या शिक्क्याला किती किंमत द्यायची? बाबा मात्र तो बघून गप्प बसलेत, याचं फार वाईट वाटतं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आहे. बिल बाबांच्या नावावर आहे, मी पुण्यात असतो. त्यांच्या वतीने अधिकारपत्रावर मला उभं राहता येईल का? दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करावं का? दोष सिद्ध करायला मेकॅनिकची जॉबशीट पुरते, की वेगळा तज्ज्ञ अहवाल लागतो? आधी पाठवायच्या नोटिशीचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर कृपया द्या. वकील न लावता ज्यांनी हे केलंय, त्यांचा अनुभव खास हवा आहे.