एका गेममधून दुसऱ्या गेमकडे प्लेअर कसे न्यायचे? ‘आणखी गेम’ बटण कोणी दाबतच नाही

शब्दवेडा_कराड

नमस्कार मंडळी. मी आणि माझा चुलतभाऊ मिळून अँड्रॉइडसाठी छोटे गेम बनवतो, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिला मराठी शब्दकोड्याचा, त्यात रोज एक नवीन कोडं येतं आणि तो बऱ्यापैकी चालतोय, लोकं खरंच रोज उघडतात. त्यानंतर आम्ही म्हणींचा एक क्विझ गेम काढला, त्यावर जास्त मेहनत घेतली, आणि आता लहान मुलांसाठी बाराखडीचा गेम पण टाकलाय. पण कोडं सोडवणाऱ्यांना पत्ताच नाही की याच लोकांचे अजून दोन गेम आहेत!! परवा एका रिव्ह्यूमध्ये एका काकांनी लिहिलं, "म्हणींवर पण असं काहीतरी करा". आता काय बोलणार, ते करून ठेवलंय की.

सेटिंग्जमध्ये "आणखी गेम" असं बटण आहे, ते दाबलं की प्ले स्टोअरवर आमच्या पानावर जातं, पण तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. जाहिरातीला पैसे नाहीत. मग गेम उघडल्या उघडल्या पॉपअप दाखवावा का, किंवा दुसरा गेम इन्स्टॉल केला तर हिंटसाठीचे कॉइन फुकट द्यावेत का, असं चाललंय डोक्यात. रोज येणाऱ्या माणसाला त्रास द्यायचा नाहीये, ती माणसं आमच्यासाठी मोलाची आहेत. कोणी केलंय का असं काही?

रात्रपाळी_कोडर

कॉइनचं आधी डोक्यातून काढा. आमिष दाखवून इन्स्टॉल वाढवणं गुगल प्लेच्या पॉलिसीत सरळ मना आहे, अ‍ॅप उडू शकतं आणि प्रकरण अकाउंटपर्यंत गेलं तर तिन्ही गेम जातील. आणि समजा चाललं तरी कॉइनसाठी आलेला माणूस कॉइन घेऊन अनइन्स्टॉल करतो, त्याला म्हणी खेळायच्याच नसतात.

उघडल्या उघडल्या पॉपअप पण नको. केचअ‍ॅप आठवतंय का, ती मोबाइल गेमवाली कंपनी, जिला २०१६ मध्ये युबीसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीने विकत घेतलं? त्यांचा कुठलाही गेम उघडला की पहिल्यांदा त्यांच्याच दुसऱ्या गेमचं चित्र समोर यायचं. त्यांना चाललं, कारण ते सतत एका बोटाने खेळायचे सोपे गेम काढायचे आणि प्लेअर पण एकातून दुसऱ्यात उड्या मारणारे होते. तुमचा माणूस तसा नाही, तो एकाच कोड्यासाठी येतो. शिवाय २०२२ पासून प्ले स्टोअरवर फुलस्क्रीन जाहिरातीचे नियम कडक झालेत, लोडिंग स्क्रीनच्या आधी नाही, लेव्हल सुरू होताना अचानक नाही, आणि स्वतःच्याच गेमची असली तरी माझ्या मते ती जाहिरातच.

आता खरा मुद्दा. तुमच्याकडे रोज एकच कोडं आहे ना? मग कोडं सुटल्यावर "उद्या पुन्हा या" अशी काहीतरी स्क्रीन असेलच. सगळ्यात चांगली जागा तीच! माणूस आत्ताच जिंकलाय, खूश आहे, हातात अजून पाच मिनिटं आहेत आणि तुमच्याकडे त्याला द्यायला आज काहीच उरलेलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये वर्डल विकत घेतलं, ते पण रोज एकच शब्द असलेलं. आता वर्डल सुटलं की निकालाच्या खालीच त्यांचे दुसरे गेम दिसतात, कनेक्शन्स, स्पेलिंग बी वगैरे. खेळ चालू असताना मधे काही नाही, संपल्यावर मात्र पुढचा खेळ समोर तयार असतो. तुम्ही तिथे तीनही गेम लावू नका, एकच दाखवा, म्हणींचा.

गौरी_नाशिक

मी डेव्हलपर नाही, खेळणारी आहे, म्हणून आमच्या बाजूने सांगते. "आणखी गेम" या शब्दांकडे मी बघतच नाही, कारण बाकीच्या गेममध्ये त्याच्यामागे काहीही फालतू निघतं. त्यापेक्षा तिथेच एक अर्धी म्हण टाका ना, "अडला हरी" आणि पुढे रिकामी जागा. मला पुढचं आठवलं की हात आपोआप जातो, आणि नाही आठवलं तरी जातोच. खाली लिहा की पूर्ण गेम मराठीत आहे, नेटशिवाय चालतो की नाही आणि किती एमबीचा आहे. आईच्या फोनमध्ये जागा कायम भरलेली असते, तिला नवीन काही सुचवलं की पहिला प्रश्न "जागा किती खाईल" हाच. आणि "नको" म्हटल्यावर उद्या परत तेच दाखवू नका प्लीज, चार-पाच दिवस तरी गप्प बसा 🙏

ढगातला_डेटा

गौरीताईंची अर्ध्या म्हणीची आयडिया झकास आहे, ती सोडू नका. मी फक्त आतली जोडणी सांगतो.

कुठला गेम सुचवायचा ते कोडमध्ये पक्कं लिहू नका, नाहीतर म्हण बदलायची तरी नवीन अपडेट सोडावा लागेल आणि अर्धी लोकं अपडेट करतच नाहीत. गुगलच्या फायरबेस रिमोट कॉन्फिग या सेवेत ठेवा, फुकट आहे, अपडेट न सोडता म्हण, चित्र आणि लिंक तिथून बदलता येते. लिंक सगळ्या गेमच्या पानावर नेऊ नका, थेट म्हणींच्या गेमच्या पानावर न्या, मधे एक पान वाढलं की तिथेच माणसं गळतात. त्या लिंकला रेफरर जोडा, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, त्यात यूटीएम सोर्स म्हणून कोड्याच्या गेमचं नाव आणि कॅम्पेन म्हणून कुठल्या स्क्रीनवरून आला ते, म्हणजे प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीचं गुगलचं पान) निकालाच्या स्क्रीनवरून किती आले आणि सेटिंग्जमधून किती आले हे वेगवेगळं कळेल. नाहीतर नुसतं अंदाजावर चालतं.

अजून एक, ज्याच्याकडे म्हणींचा गेम आधीच आहे त्याला "इन्स्टॉल करा" दाखवणं फार वाईट दिसतं, त्याला "आजची म्हण खेळा" दाखवून सरळ तो गेम उघडा. पण अँड्रॉइड ११ पासून फोनवर दुसरं अ‍ॅप आहे का हे असंच विचारता येत नाही, मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे गेमची माहिती असलेल्या फाइलमध्ये, क्वेरीज टॅगमध्ये तुमच्या स्वतःच्या गेमची पॅकेज नावं लिहावी लागतात. तेवढीच लिहा. सगळी अ‍ॅप बघायची परवानगी मागाल तर गुगल कारण विचारतं, आणि या कामासाठी ते मान्य होणार नाही.

आणि तुमचं डेव्हलपर पान सजवलंय का? प्ले कन्सोलमध्ये आयकॉन, वरचं मोठं चित्र, एक फीचर्ड अ‍ॅप असं सगळं लावता येतं. तिन्ही गेमचे आयकॉन एका घरातले वाटले पाहिजेत, एकच रंग किंवा एकच अक्षराची ठेवण, म्हणजे स्टोअरमध्ये म्हणींचा गेम समोर आला तर कोडंवाला लगेच ओळखेल की हे आपलेच लोक.

एकच_पुरे

मला वेगळं वाटतं. तीन वेगळी अ‍ॅप हवीत कशाला, कोडं आणि म्हणी एकाच अ‍ॅपमध्ये टाका. वर ज्या न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण दिलंय त्यांचे हे सगळे गेम एकाच अ‍ॅपमध्ये आहेत, म्हणूनच एकातून दुसऱ्यात जाणं एवढं सोपं आहे. मधे स्टोअर नाही, डाउनलोड नाही, जागेचा प्रश्न नाही. तुमच्याकडे रोज येणारी माणसं आहेत, त्यांना दाराबाहेर कशाला पाठवता?

रात्रपाळी_कोडर

यात तथ्य आहे, पण प्ले स्टोअरवर "मराठी म्हणी" शोधणाऱ्याला म्हणींचा वेगळा गेम सापडतो, शब्दकोड्याच्या पोटात लपवला तर त्याला सापडणार नाही. मी असतो तर दोन्ही केलं असतं, कोड्याच्या अ‍ॅपमध्ये रोजची एकच म्हण खेळायला द्यायची, पुरती, आणि ज्याला अजून हवंय त्याला पूर्ण गेमकडे पाठवायचं. गौरीताई म्हणतात तेच, फक्त अर्धी चित्रात न दाखवता तिथेच खेळू द्यायची.

शब्दवेडा_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला पण हे सगळं वाचायला दिलं. रोजची एक म्हण तिथेच खेळायला द्यायची हे एकदम पटलं, त्याला वेळ पण फार लागणार नाही कारण प्रश्न तयारच आहेत. आता फक्त बाराखडीचं सांगा, त्या गेममधून बाकीच्या दोघांची लिंक ठेवू का? आणि अ‍ॅडमॉबमध्ये (गेममध्ये जाहिराती लावायची गुगलची सेवा) हाऊस अ‍ॅड म्हणून काहीतरी दिसलं, ते वापरू का?

ढगातला_डेटा

हाऊस अ‍ॅड म्हणजे स्वतःच्याच गेमची जाहिरात, तिला पैसे लागत नाहीत, पण ती दिसते तेव्हा त्या जागेवर पैसे देणारी जाहिरात दिसत नाही, म्हणून जिथे जाहिरात भरली जात नाही तिथेच वापरा. अर्ध्या म्हणीइतकी ती कधीच चालणार नाही.

बाराखडीतून लिंक नको. मुलांच्या अ‍ॅपचे गुगलचे नियम वेगळे आहेत, गेम कुठला आणि जाहिरात कुठली हे स्पष्ट वेगळं दिसावं लागतं, आणि चार वर्षांचं पोर दिसेल ते दाबतं. पुढे आयफोनवर मुलांच्या कॅटेगरीत टाकलंत तर अ‍ॅपलला बाहेर जाणारी लिंक फक्त पालकांसाठीच्या कुलपामागे चालते, म्हणजे आधी मोठ्या माणसालाच जमेल असं काहीतरी करायला लावायचं. तुम्ही उलट करा, कोड्याच्या गेममध्ये रविवारी निकालाच्या खाली बाराखडी दाखवा. तिथे आई-बाबा, आजी-आजोबा असतात आणि मुलांच्या फोनवर काय टाकायचं ते तेच ठरवतात.

गौरी_नाशिक

रविवार चालेल, फक्त त्या दिवशी म्हण काढून टाकू नका!